हिरव्या इटालियन फूलदाणीबाबत आणि तिच्या तळावरच्या नावाबाबत

आधी जे घडले ते क्रमाने.

१. १९४५ साली माझे आजोबा (आबाजी) लक्ष्मणराव गुल्हाने, सैन्यातील ट्रकचालक, रजेवर व्हेनिसला गेले. तेथून आणलेली काचेची एक फूलदाणी कांबळ्यात गुंडाळून ते आष्टीला परतले.

२. डिसेंबर १९९६ मध्ये ते वारले. फूलदाणी कोणाला द्यायची, हे त्यांनी सांगितले नव्हते.

३. माझा भाऊ धर्मेंद्र याला ती विकून जाम गावातले दुकान वाढवायचे होते. मला ती विकायची नव्हती. जाणकाराला दाखवून किंमत काढावी, असे मी सुचवले.

४. २३ फेब्रुवारी १९९७ रोजी जाणकार आले. त्यांनी फूलदाणी उलटी केली. तळावर कारागिराच्या सहीवरच देवनागरीत ‘रक्षा’ असे कोरलेले निघाले.

५. त्या दिवसापासून धर्मेंद्र माझ्याशी बोललेला नाही.

मी, रक्षा मधुकरराव गुल्हाने, वय ३३, अविवाहित, पॅथॉलॉजी लॅबमधील तंत्रज्ञ, राहणार सेलू, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही. मला रक्ताचा कर्करोग आहे. पहिली स्लाइड मीच रंगवली आणि मीच पाहिली. दुसरी रंगवून पुन्हा पाहिली, मग डॉक्टरांना हाक मारली.

घर. आष्टीच्या घरातील माझा वाटा धर्मेंद्रला द्यावा. त्याने तो कधी मागितला नाही, हेही येथे नोंदवते.

बचत. पोस्टात जे असेल ते धर्मेंद्रची मुलगी रिंकू हिच्या शिक्षणासाठी ठेवावे. मी तिला पाहिलेले नाही. ती आता सात वर्षांची असावी.

सूक्ष्मदर्शक. तो माझा स्वतःचा आहे, लॅबचा नाही. सहकारी रीता हिला द्यावा. काम झाल्यावर ती भिंगावरचे तेल पुसत नाही. पुसावे.

तेरवी. जेवण घालू नये. घातलेच तर वांग्याची भाजी नको. आत्याच्या हातची सोडून मला ती कोणाचीच आवडली नाही.

फूलदाणी. उंची २३.४ सेंटिमीटर, वजन ११८४ ग्रॅम. पाण्यात बुडवून घनता काढली, ती २.५१ आली. म्हणजे सोड्याची काच, शिशाची नव्हे, आणि व्हेनिसकडचे कारागीर अशीच वापरतात असे वाचले आहे. बाहेर पारदर्शक काच, आत गडद हिरवी, मधल्या थरात सोन्याचा वर्ख. काच फुगवताना वर्ख फाटून त्याचे कण झाले आहेत. मानेजवळ एक तिरपा बुडबुडा आहे. सकाळच्या उन्हात फूलदाणी धरून आबाजी मला तो शोधायला लावायचे. म्हणायचे, यात तिथल्या माणसाचा श्वास अडकला आहे. पुढे शिकल्यावर मला कळले की असे बुडबुडे बहुधा भट्टीतल्या वायूचे असतात. मी ते त्यांना सांगितले नाही.

जाणकारांनी भिंग लावून तळ बराच वेळ पाहिला. हे कोणी केले, असे त्यांनी हिंदीत विचारले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण नाव माझे होते. त्यांच्या कागदावर एकच ओळ आहे: मूळ सही नष्ट झाल्याने कारागीर सांगता येत नाही. ते गेल्यावर धर्मेंद्रने फूलदाणी माझ्या मांडीवर ठेवली.

“नाव टाकून घेतलं ना? मंग घेऊन जाय. अन् ह्या घरात पुन्हा पाय नको ठेवजो.”

मी पिशवी भरायला आत गेले. स्वयंपाकघरात आत्या बसली होती. वच्छलाबाई, आबाजींची मुलगी, लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आलेली. आई-बाबांच्या मागे आम्हा दोघांना तिनेच वाढवले.

तिने मला सांगितले. आदल्या बाजाराच्या दिवशी ती फूलदाणी पिशवीत घालून भांडीवाल्या हरिदासकडे गेली होती. स्टीलच्या भांड्यांवर नाव टाकायची मशीन त्याच्याकडे आहे. आमच्या घरातल्या प्रत्येक वाटीवर नाव आहे. दुसऱ्यांच्या लग्नात गेलेली भांडी नावावरून परत येतात. काच आहे, फुटेल, म्हणून हरिदासने दोनदा नकार दिला. करून देईपर्यंत ती त्याच्या दुकानातून उठली नाही. तिला वाचता येत नव्हते. नाव बरोबर पडले का, हे तिने त्याला पुन्हा वाचायला लावले.

“भांड्यावर नाव असलं का कोनी नेत नाई,” ती म्हणाली. “हा इकून टाकन म्हनून तुह्या नावाचं करून आनलं.”

सही गेली, असे मी म्हणाले. सही म्हणजे काय, हे तिने विचारले नाही. माझा हात धरला.

“त्याले नको सांगजो, रक्षा. मले ह्याच घरात राहाचं हाये.”

मी सांगितले नाही. हरिदासवर माझा राग नाही. धर्मेंद्रवर होता. आत्याला भेटायला त्या घरात जावे लागले असते, म्हणून साडेसहा वर्षे मी तिला भेटले नाही. हा हिशेब माझा चुकला. ती ऑगस्ट २००३ मध्ये वारली. मला शेजाऱ्यांच्या पत्राने कळले, तेव्हा तेरवी होऊन गेली होती.

आता ती त्या घरात राहत नाही, म्हणून सांगते आहे. किंमत काढण्याची सूचना माझी होती. मी ती केली नसती तर आत्या बाजारात गेली नसती.

फूलदाणी धर्मेंद्रला द्यावी. विकायची की ठेवायची, ते त्याने ठरवावे. तळ घासून नाव काढता येईल. मी काढलेले नाही. तिच्यात पाणी घालू नये. ‘क्ष’पासून केसाएवढी चीर निघाली आहे आणि सात वर्षांत ती तीन मिलिमीटर वाढली आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या लॅबचे डॉ. हेमराज भोयर यांनी करावी. त्यांनी ते मान्य केले आहे.

सही: रक्षा मधुकरराव गुल्हाने

आम्हा दोघांच्या समक्ष तिने सही केली आणि तिच्या समक्ष आम्ही केली. यातले काहीही आम्हाला मिळायचे नाही.

साक्षीदार: डॉ. हेमराज भोयर, सेलू
साक्षीदार: शकुंतलाबाई ढोबळे, घरमालकीण, सेलू

ठिकाण: सेलू
दिनांक: १६ ऑक्टोबर २००४

प्रत रजिस्टर पोस्टाने: धर्मेंद्र मधुकरराव गुल्हाने, आष्टी.

धर्मेंद्र, मृत्युपत्र नंतर वाचायचे असते, पण ही प्रत मी आधीच पाठवते आहे. फूलदाणी तुला मिळेलच, त्यासाठी काही लिहायची गरज नाही. ते नाव मी टाकून घेतले नव्हते, हे तुला पटते का, एवढेच कळव. हो किंवा नाही, एक शब्द पुरे. स्वतः आलास तर रिंकूला आण. बुडबुडा कुठे आहे ते तिला दाखवते. उत्तर १० नोव्हेंबरपर्यंत मिळावे. त्यानंतर मला ते वाचता येईल, असे डॉक्टर म्हणत नाहीत.