आत्याची चाई, माझी चाई

प्रिय आत्या,

तुला जाऊन वर्ष झालं आणि माझ्याही डोक्यावर चाईचे गोल, बिनकेसांचे चट्टे पडले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मलम सोपं पण सावकाश, गोळ्या जोरदार पण रक्त तपासत राहावं लागतं, आणि लहान चट्ट्यांना इंजेक्शनं बरी, मात्र दुखतात. मी इंजेक्शनं घेतली. घळाघळा रडले. आता तिथे मऊ, पांढरी लव उगवलीय. केस पुन्हा जातीलही, तरी मी निवांत आहे.

"माझ्या रागीटपणाने झालं का हो?" मी विचारलं.

बाई हसल्या. "स्वभावाचा काय संबंध? शरीरच चुकून केसांवर उलटतं."

मी लगेच आजीला फोन लावून हे सांगितलं. तुला जन्मभर "चिडकी, म्हणून टकली" म्हणणारी तुझी आई म्हणाली, "पोरीला उगाच बोलले गं."

तुझ्याच वळणावर गेलेली,
भाची