अनुस्वार गेलेले तळे

मी, कमलबाई लोटन बिऱ्हाडे, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मौजे वावडी खुर्द, तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव, धर्म बौद्ध, वय दाखल्याप्रमाणे त्रेसष्ट (दाखल्यावर जन्मतारीख एक जून आहे, आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाची तीच आहे), पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डॉक्टरांनी काही वाईट सांगितलेले नाही. उलट मनावरचे मोठे ओझे उतरले आहे, म्हणून लिहायला बसले.

१. यापूर्वी मी एक मृत्युपत्र करून अमळनेरच्या कचेरीत नोंदवले होते. ते कचेरीबाहेर दस्त टंकून देणाऱ्या अभिमनभाऊंनी तयार केले होते. ते या लेखाने रद्द समजावे. त्यात काय बिघडले ते कलम ५ मध्ये येईल. अभिमनभाऊंवर माझा फार राग होता. आता नाही. तरीही हा लेख मी त्यांच्याकडे नेलेला नाही.

२. राहते घर माझी मुलगी विशाखा हिला द्यावे. ती धुळ्याला नर्स आहे. घराच्या विटा माझे पती कालकथित लोटन यांनी घरामागची माती काढून स्वतः पाडल्या आणि स्वतः भाजल्या. काही कच्च्या राहिल्या, त्या उत्तरेच्या भिंतीत आहेत. जावयांना त्या भिंतीला प्लॅस्टर करायचे आहे. खुशाल करावे, फक्त मी असताना नको.

३. पोस्टातली बचत विशाखाच्या दोन्ही मुलींना सारखी द्यावी. तिचा उपयोग शिक्षणासाठी करावा, लग्नासाठी करू नये. थोरलीने मला पत्रातून विचारले होते की आजी, लग्न हेही शिक्षणच असते ना? पोरगी हुशार आहे, पण माझे उत्तर बदलत नाही.

४. किरकोळ वस्तू. शिवणयंत्र आणि पत्र्याच्या डब्यातली दोऱ्याची रिळे गावातल्या छगन शिंप्याला द्यावीत. ही रिळे मी नोकरीभर पोरांकडून जप्त केली. पोरे चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला खडे उचलायला लावत. एकाचीही आई रीळ परत मागायला आली नाही, यावरून आयांनाही माझे म्हणणे पटले असावे.

माझी नवी मच्छरदाणी माझी जाऊ वच्छलाबाई हिला द्यावी. "तुना डबकामुये बठ्ठा गावले मच्छर चावतस," असे ती गेली कित्येक वर्षे दारात उभी राहून बोलते. चतुराची अळी पाण्यात डासांच्याच अळ्या खाऊन वाढते, हे मी तिला समजावून थकले. मच्छरदाणी चांगल्या प्रतीची आहे. वच्छलाबाईने तिच्यात बसून शांतपणे विचार करावा.

माझ्या मागे बौद्ध पद्धतीने वंदना घ्यावी. लांबलचक भाषण कोणी करू नये.

५. आता तळे. घराच्या मागे, ज्या खड्ड्यातून विटांची माती निघाली, तो पावसाने भरला. मालक म्हणत होते, उन्हाळ्यात बुजवून टाकू. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यावर तांबडे चतुर आले आणि मी तो बुजवू दिला नाही. आमच्या संसारातले एवढे एकच भांडण मी पुरते जिंकले.

हा लेख वाचणाऱ्या वकिलासाठी खुलासा करते. चतुर म्हणजे चार पंखांचा, टपोऱ्या डोळ्यांचा कीटक. पोरे त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. माझ्या तळ्यावरच्या जातीचा नर पिकल्या मिरचीसारखा लाल असतो, मादी पिवळसर. नवा निघालेला नरही आधी पिवळाच असतो, तांबडा नंतर होतो.

दस्तात मिळकतीची चतुःसीमा लिहायची असते, म्हणून या चतुराचीही लिहिते. पूर्वेस सावदा: तिथे माझी बदली होती तेव्हा केळीच्या पाटाकडेच्या डबक्यावर तो रोज दिसे. दक्षिणेस पहूर: शाळेमागच्या पाणवठ्यावर. पश्चिमेस धुळे: पांझरेच्या काठी, साचल्या पाण्यावर. उत्तरेस तापीपलीकडे चोपड्याच्या वाटेवर. नव्या गावात बदली झाली की सामान लावायच्या आधी मी पाणी शोधायची. तो दिसला की वाटायचे, चला, इथेही आपले कोणीतरी आहे. पुस्तकात लिहिले आहे की तो थेट जपानपर्यंत सापडतो. तिकडे माझी बदली झाली नाही.

त्याला वाहते पाणी फारसे रुचत नाही. साचलेले पाणी, काठाला गवत, आणि पाण्यातून वर आलेली एखादी काडी लागते. नर काडी धरतो, दुसऱ्या नराला हाकलतो आणि उडाला तरी फिरून तिथेच येतो. आषाढात एखाददुसरा दिसतो, भाद्रपद-आश्विनात तळे फुलून जाते. मादी शेपटीचे टोक पाण्याला लावत लावत अंडी टाकते. थंडीत ऊन तापल्याशिवाय तो जागचा हलत नाही. चैत्राच्या उन्हात शेपूट थेट सूर्याकडे ताठ उभी करतो, म्हणजे अंगावर ऊन कमी येते. तळे आटले की बोरी नदीच्या डोहाकडे जातो आणि पावसाबरोबर परत येतो. परत यायला तळे जागेवर असले पाहिजे, एवढेच माझे मागणे होते.

म्हणून पहिल्या मृत्युपत्रात मी सांगितले की तळे चतुरांसाठी राखून ठेवावे. अभिमनभाऊंच्या टंकयंत्राचे अनुस्वाराचे बटण मोडलेले होते. सगळा दस्त टिंबांवाचून टंकून झाल्यावर त्यांनी पेनाने टिंबे दिली. "सपूर्ण" वर दिले, "सबध" वर दिले. "चतुरासाठी" वर दिले नाही, कारण तो शब्द टिंबाशिवायही बरोबर दिसतो. माझा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता, मी न वाचताच सही केली. पुढे मी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "बाई, मला वाटलं पुतण्याचं नाव आहे."

पुतण्याचे नाव चतुरच आहे. माझे दीर वना आणि जाऊ वच्छलाबाई यांचा हा मुलगा. भाड्याचा ट्रॅक्टर चालवतो. चौथीत मीच त्याला नापास केले होते, शुद्धलेखनात.

एकदा मी त्याला पेटीतून रेशनकार्ड काढायला सांगितले, तेव्हा दस्त त्याच्या हाती लागला. संध्याकाळी पेढे घेऊन आला. पायाशी वाकला आणि म्हणाला, "काकू, बठ्ठा माले वाया गयेल समजतस. तुमले तसं वाटनं नही." तोपर्यंत मला काही माहीत नव्हते. तो गेल्यावर दस्त उघडून पाहिला, तेव्हा टिंब नसल्याचे दिसले.

दुसऱ्या दिवशीच खरे सांगायला हवे होते. पण तो चेहरा आठवला की मी त्याच्या दारातूनच परत फिरायची. त्यातच गावात कळले की एक कापसाचा व्यापारी ट्रक लावायला रस्त्यालगतची जागा शोधतो आहे आणि चतुरकडे त्याची ये-जा सुरू आहे. माझे तळे रस्त्यालगतच आहे. सांगितले तर पोरगा मनातून तुटणार, न सांगितले तर तळे जाणार. तो पावसाळा आणि ती थंडी मी अशी काढली की विशाखाने दोनदा रक्त तपासायला नेले.

गेल्या महिन्यात एका सकाळी तळ्याकाठी ट्रॅक्टर उभा दिसला, ट्रॉलीत शिगोशिग मुरूम. मी एका पायात चप्पल, एक हातात, अशी धावले.

"हे काय रे, चतुर?"

"मुरूम शे, काकू."

"तो दिसतो आहे. कशाला आणलास?"

"काठले टाकस. तठे तुमना पाय घसरस. मांगे पडनात ना तुमी?"

"आणि तो व्यापारी?"

"त्याले नही सांगी दिधं." फावडे टेकवून तो माझ्याकडे बघत राहिला. "काकू, तुमी माले तळं राखाले दिधं. इकाले थोडंच दिधं?"

मी तिथेच काठावर बसले आणि पोटभर रडले. इतके हलके मला मालक आजारातून उठले तेव्हाही वाटले नव्हते. मग त्याला सगळे सांगितले: टिंब, बटण, अभिमनभाऊ, सगळे. आता लपवण्याचे कारणच उरले नव्हते.

तळ्यातल्या काडीवर एक तांबडा बसला होता, त्याच्याकडे बघत पोरगा म्हणाला, "म्हंजे तळं त्यासनं व्हतं. मनं नही."

"नाही रे बाबा."

"मंग त्यासनंच ऱ्हाऊ द्या, काकू. मी नुसता राखस." एवढे म्हणून तो मुरूम पसरायला लागला. मान खाली होती, पण काम नीट करत होता. काठाचे गवत मात्र त्याने कुठेही दाबले नाही.

राखणाऱ्याच्या हातात कागद नसला तर उद्या कोणीही येऊन त्याला उठवील, एवढा व्यवहार मला कळतो. म्हणून लिहून ठेवते, की सदर तळे माझा पुतण्या चतुर वना बिऱ्हाडे यास मालकी हक्काने द्यावे आणि त्याने ते चतुरांसाठी राखावे. यातल्या पहिल्या चतुरवर अनुस्वार नाही, दुसऱ्यावर आहे. दोन्ही मी तपासले आहेत. दोन्ही बरोबर आहेत.

लिहून ठेवणार: कमलबाई लोटन बिऱ्हाडे (सही)

वरील लेख आमच्यासमक्ष वाचला, आमच्यासमक्ष सही झाली:
१. देवचंद झिपरू सोनवणे, रा. वावडी खुर्द (सही)
२. द्रौपदाबाई हिलाल अहिरे, रा. अमळनेर (सही)

ठिकाण: वावडी खुर्द
दिनांक: ९ एप्रिल १९९३