रजेचे कारण : स्वप्न

६ जानेवारी २०२५, सोमवार – डहाणू

मी, सुदर्शन दशरथ सावे, वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, तलासरी तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मुख्य लिपिक, आजपासून ही वही सुरू करीत आहे. उद्देश एकच – मला पडणारी स्वप्ने लक्षात ठेवणे. ती पडतात की नाही, हाच मुळात वादाचा मुद्दा आहे. तो आधी निकाली काढायचा.

कारण नोंदवून ठेवतो, नाहीतर चार दिवसांनी मलाच या वहीचे हसू येईल. आमचा शिपाई चैत्या भुरकुड, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, याने गुरुवार-शुक्रवारची रजा मागितली. अर्जातील कारण : 'बाप स्वप्नात आला. भूक लागली म्हणाला. घरी ताट वाढायचे आहे.' त्याच्या घरची रीत अशी की, गेलेले माणूस स्वप्नात येऊन काही मागून गेले तर सगळ्या भावांनी एकत्र बसून त्याच्या नावाने पान वाढायचे. मी तांबड्या शाईने शेरा मारला – 'स्वप्न हे रजेचे कारण होऊ शकत नाही. बारावीच्या परीक्षांची कामे आहेत. नामंजूर.' प्राचार्य माझ्या शेऱ्याखाली न वाचता सही करतात. केली.

चैत्या वाद घालत नाही. अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, "भाऊसाहेब, तुम्हाला नाही का पडत स्वप्न?"

मी म्हणालो, नाही. कधीच नाही.

त्याने माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावे तसे बघितले. "मग तुमची गेलेली माणसं तुम्हाला भेटतात कुठं?"

आमच्या कार्यालयात मुख्य लिपिकाला असले प्रश्न विचारण्याची पद्धत नाही. आणि चैत्याने माझी कीव करावी, हे मला मान्य नाही!

७ जानेवारी

कोरे.

८ जानेवारी

कोरे. साडेपाचला गजर झाला, उठलो, दात घासले, आणि मग आठवले की काही आठवायचे होते.

९ जानेवारी, गुरुवार

चैत्या आला नाही. काल निघताना दारातच सांगून गेला होता – "नामंजूर झाली ते बरोबर, भाऊसाहेब. मी जाणार ते पण बरोबर." असे कोणी तोंडावर सांगते? कारणे दाखवा नोटिशीचा मसुदा तयार केला. कनिष्ठ लिपिक नविन म्हणाला, परीक्षा होईपर्यंत थांबा, नोटीस दिली आणि तो रुसला तर घंटा कोण वाजवणार. आज घंटा नविननेच वाजवली. प्रत्येक तासिका चार मिनिटे उशिरा.

मसुदा टेबलाच्या खणात ठेवला आहे. सही बाकी.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी चहाच्या वेळी पत्नी प्रभाने सहज सांगितल्यासारखे सांगितले, "आई आल्या होत्या पहाटे. म्हणाल्या, कोपऱ्यातल्या चिकूला पाणी कमी पडतंय."

आईला जाऊन चौदा महिने झाले. या चौदा महिन्यांत ती प्रभाच्या स्वप्नात सहा वेळा आली. पहिल्यांदा आली ती नुसतीच. मग सुदर्शनला चष्मा बदलायला सांग, म्हणाली. मग माझ्या साड्या पेटीत कुजवू नका, वाटून टाका. मग मागच्या दाराची कडी. मग मीठ कमी खा, हे माझ्यासाठी. आज चिकू. येथे नमूद करतो की आईच्या सूचना आणि प्रभाची मते यांत विलक्षण एकवाक्यता आहे. जिवंतपणी ती इतकी नव्हती.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की मी तिचा एकुलता एक मुलगा. नऊ महिने पोटात मला वाढवले आणि भेटायला जाते सुनेला! सहा विरुद्ध शून्य.

आणखी एक गोष्ट, जी मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी आईने पलंगाच्या कडेवर हात ठेवून मला म्हटले, "बस जरा." माझ्या काखेत बारावीच्या परीक्षा अर्जांची फाइल होती. दुसऱ्या दिवशी अंतिम मुदत. मी म्हणालो, उद्या येतो ना, उद्या बोलू. तिने हात काढून घेतला. पहाटे फोन आला.

तिला काय सांगायचे होते? हे मला कळले पाहिजे. ते सांगण्यासाठी ती येत असेल आणि मी दर सकाळी दात घासून तिला पुसून टाकत असेन, तर हा माझा दोष आहे, आणि माझा दोष मी दुरुस्त करू शकतो. चौपन्नाव्या वर्षी माणूस काही शिकू शकत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी मला बघावे.

घरामागच्या वाडीत जाऊन कोपऱ्यातल्या चिकूला पाणी घातले. माती खरोखरच कोरडी होती.

१५ जानेवारी

अदितीशी फोनवर बोललो. मुलगी नाशिकला परिचारिका आहे. आधी खूप हसली. मग तिने कुठेतरी शिकलेली पद्धत सांगितली – झोपताना तीनदा स्वतःला बजावायचे की मला आठवणार आहे. गजर लावायचा नाही. जाग आल्यावर डोळे उघडायचे नाहीत, कूससुद्धा बदलायची नाही. शेवटचे जे हातात असेल ते धरून मागे मागे जायचे. मग लगेच लिहायचे, जसे दिसले तसे, 'आहे' असे, 'होते' असे नाही. काहीच नसेल तर मनाला कसे वाटते आहे एवढे तरी लिहायचे.

गजर न लावता तलासरीची एसटी कशी मिळणार, असे मी विचारले. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तीस वर्षं गजराच्या आधी पाच मिनिटं उठता. तो लावता कशाला?"

घड्याळ कपाटात ठेवले.

१७ जानेवारी

कोरे. मनाला कसे वाटते आहे : राग.

१९ जानेवारी, रविवार

आले! होते! आणि गेले. चूक माझी. मी वहीत आधीच रकाने आखून ठेवले होते – अनुक्रमांक, स्थळ, व्यक्ती, तपशील, शेरा. जाग आली, काहीतरी ओले, लाकडाचे असे हातात होते. पेन उचलले, अनुक्रमांक १ लिहिला, स्थळाच्या रकान्यात काय लिहावे याचा विचार केला, आणि तेवढ्यात सगळे नाहीसे. शेऱ्याचा रकाना मात्र सुबक उरला आहे.

रकाने बंद. कोरा कागद.

२२ जानेवारी

'ओले पायपुसणे. त्यावर एक किल्ली. ती माझी नाही.' एवढेच. पण एवढे आहे! चौपन्न वर्षांतील पहिली नोंद.

जेवणाच्या सुट्टीत चैत्याला सांगितले. का सांगितले, ठाऊक नाही. त्याची नोटीस खणात असताना सांगायला नको होते. नविनने ऐकले आणि आता रोज विचारतो, "भाऊसाहेब, आज कुठला सिनेमा लागलेला?" चैत्या हसला नाही. म्हणाला, त्याची आई सांगायची, उठल्यावर आधी पाय जमिनीला लावायचा नाही. पाय लागला की स्वप्न जमिनीत जाते.

म्हणजे अदिती जे शिकली तेच. हलायचे नाही. त्याच्या आईला हे कोणी शिकवले असेल?

त्याच्या बापाचे ताट वाढून झाले का, तेही विचारले. झाले, म्हणाला. बापाला नदीतले खेकडे आवडत. सगळा दिवस ते धरण्यात गेला. म्हणून दोन दिवस लागतात, भाऊसाहेब. एका दिवसात होत नाही.

२४ जानेवारी

एसटीत बसायला जागा नाही. उभा. खाली उतरता येत नाही. खिडकीबाहेर समुद्र, पण चुकीच्या बाजूला.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन आटोपून अकराला घरी आलो. आता माझ्याकडे दोन नोंदी आहेत आणि एकीतही आई नाही. म्हणून ठरवले की प्रभाकडून तिची स्वप्ने नीट, तपशिलाने लिहून घ्यावीत. आई कोणत्या वाटेने येते ते कळले तर मला त्या वाटेवर उभे राहता येईल.

प्रभा पुऱ्या तळत होती. मी वही घेऊन ओट्यापाशी उभा राहिलो. चिकूच्या स्वप्नात साडी कोणती होती? हिरवी, म्हणाली. दार कोणते? पुढचे. वहीत लिहिले नव्हते, पण मला पाठ होते : त्या दिवशी चहा घेताना तिने साडी निळी आणि दार मागचे सांगितले होते. तसे मी म्हणालो. मग चष्म्याच्या स्वप्नाबद्दल विचारले. मग कडीच्या.

तिने झारा ठेवला. गॅस बंद केला. "एकदाच आल्या," म्हणाली. "पहिल्यांदा. तेव्हाही काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसून होत्या. बाकीचं मीच जोडलं."

मी विचारले, का?

"चौदा महिन्यांत तुम्ही त्यांचं नाव काढलं नाहीत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलात. म्हटलं, चिकूच्या निमित्तानं तरी काढाल."

मी म्हणालो, म्हणजे सहा-शून्य नाही. एक-शून्य.

ती हसली आणि त्याच वेळी पदराने डोळे पुसले. मग मला ओरडली की पुऱ्या थंड झाल्या.

संध्याकाळी वाडीत जाऊन त्या चिकूला पुन्हा पाणी घातले. आता कोणी सांगितलेले नाही, तरी घातले.

२९ जानेवारी

कोरे.

३० जानेवारी

कोरे. प्रभा म्हणते, सोडा आता, खाली काळी वर्तुळं आलीत डोळ्यांच्या. नविन म्हणतो, वय झालं भाऊसाहेब. मी सोडणार नाही. एक-शून्य हा काही मोठा फरक नव्हे.

३ फेब्रुवारी, सोमवार – पहाटे ५.१०

पाय अजून जमिनीला लावलेला नाही. लिहितो.

माझे कार्यालय आहे. दाराबाहेर चैत्याच्या स्टुलावर आई बसली आहे. निळी सुती साडी. मांडीवर पिशवी, पिशवीत चिकू, अजून धुतलेले नाहीत. ती किती वेळ बसली आहे ते कोणी सांगत नाही. घंटा वाजते, मुले जातात, घंटा वाजते, मुले येतात, ती बसलेली आहे. मग ती आत येते आणि अर्ज पुढे करते. मी वाचतो. नाव बरोबर आहे. पत्ता बरोबर आहे. कारणाच्या जागी काही नाही. मी म्हणतो, कारण लिहिलेले नाही. ती टेबलाच्या कडेवर हात ठेवते आणि म्हणते, बस जरा. माझी खुर्ची माझ्या मागेच आहे. मी उभाच आहे. मी म्हणतो, उद्या या.

'या' म्हणालो. आईला! आयुष्यात कधी अहो-जाहो केले नाही.

तांबडे पेन माझ्या हातात आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी

चैत्याला सांगितले. सगळे, दवाखान्यासकट. त्याला बसायला सांगितले, तेव्हा लक्षात आले की बावीस वर्षांत माझ्या समोरच्या खुर्चीवर तो कधीच बसलेला नाही. आजही अर्धाच टेकला.

मी म्हणालो, एवढे करून शेवटी आली, आणि जे सांगायचे होते ते राहूनच गेले. पुन्हा कारण कोरेच.

तो म्हणाला, "सांगायचं काय असतं, भाऊसाहेब? माझा बाप भूक लागली म्हणाला. गेलेल्याला कसली भूक? भाऊ चार ठिकाणी पांगलेले, ते एका पंगतीत बसले, झालं. तुमची आई बस म्हणाली. बसायचं."

मी म्हणालो, स्वप्न हा पुरावा होत नाही.

"नाही होत," म्हणाला. उठला, घंटा वाजवायला गेला. अगदी वेळेवर.

खणातील मसुदा काढून फाडला. बारीक, आडवा आणि उभा.

४ फेब्रुवारी २०२५ – आज सादर केलेल्या अर्जाची स्थळप्रत

प्रति, मा. प्राचार्य. विषय : उद्याची एक दिवसाची नैमित्तिक रजा.

रजेचे कारण : काल पहाटे आई स्वप्नात आली. तिच्याजवळ बसायचे राहिले आहे. उद्या घरामागील वाडीत कोपऱ्यातील चिकूखाली बसणार आहे. हॉल तिकिटांचे काम आज पूर्ण केले आहे.

श्री. चैत्या भुरकुड यांच्या अर्जावरील माझा दि. ६ जानेवारीचा शेरा मी मागे घेत आहे. त्यांचे दोन दिवस रजेत धरावेत. हा अर्ज नामंजूर झाल्यास ते बरोबर. मी बसणार, तेही बरोबर.

सुदर्शन दशरथ सावे
तलासरी, ४ फेब्रुवारी २०२५