आक्का, तू पहिलटकरीण होतीस

प्रिय आक्का,

आज सकाळच्या मोटारीनं हुपरीहून तुझ्या सासूबाई आल्या होत्या. चहा अर्धाच घेतला आणि आईला म्हणाल्या, धाकटीला आमच्या घरात द्या. दाजींचं दुसरं लग्न करावंच लागणार, मग सुमीला परकी सावत्र आई आणण्यापेक्षा मावशी काय वाईट? मी आत भांडी घासत राहिले. सुमी माझ्या पोटची आहे हे आपल्या तिघींना आणि दाजींना ठाऊक. त्यातली तू निघून गेलीस, आणि मला तर तुझ्याशीच बोलायचं आहे. मग लिहू नको तर काय करू?

कोल्हापूर संस्थान विलीन झालं ते साल. माझं लग्न व्हायचं होतं आणि मला दिवस गेले होते. ज्याच्यामुळे गेले तो गाव सोडून पळाला. आई जीव द्यायची भाषा करत होती. तू हुपरीहून आलीस, चुलीपाशी बसलीस आणि बेत ठरवून टाकलास. लग्नाला एवढी वर्षं होऊन तुझी कूस उजवली नव्हती. सासरी सांगितलंस, दिवस राहिलेत, इतक्या वर्षांनी म्हणून डॉक्टरीणबाई हलू नको म्हणतात, पहिलं बाळंतपण माहेरीच करते. दाजींना मात्र खरं सांगितलंस. त्यांनी नुसती मान हलवली.

किती बारकाईनं ठरवलंस गं! आईनं ओळखीची पेठ सोडून रंकाळ्याच्या बाजूला खोली घेतली. तिथं मी दाराआड राहायचं आणि तू पोटाला कापड बांधून चारचौघींत वावरायचं. दवाखान्यात मी तुझ्या नावानं जायचं. मी बाळाकडे बघायचं नाही, अंगावर पाजायचं नाही. नर्सबाईनं ते गुंडाळून थेट तुझ्या हातात द्यायचं. टांग्यात बसण्याआधी तू आपलं मंगळसूत्र काढून माझ्या गळ्यात घातलंस. आईनं तोंड फिरवलं. सवाष्णीनं असं करतात का? दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची म्हातारी तुझा मोकळा गळा बघून हळहळली, इतक्या कमी वयात कसं झालं म्हणाली. तू लगेच सांगितलंस, विषमज्वर! चांगल्या धडधाकट दाजींना मारून मोकळी झालीस. कळा येत होत्या तरी मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सुमी रडायची थांबेना. वाटीनं दूध घेईना. तेव्हा तूच तिला माझ्याजवळ दिलीस. "ठरलं ते ठरलं," म्हणालीस, "पर पोरीला भूक हाय की." तेवढे दोन दिवस मला मिळाले ते तुझ्यामुळे.

घरी आल्यावर बाळंतीण तू झालीस. खाट तुला, शेगडी तुला, डोक्याला फडकं तुला. आईनं माझी छाती घट्ट बांधली होती आणि मी नळावर धुणं धूत होते. शेजारणी डिंकाचे लाडू आणायच्या. त्यांच्यादेखत तू एक मोडायचीस आणि त्या वळल्या की उरलेला माझ्या तोंडात कोंबायचीस. मला रडूही द्यायची नाहीस. पण तिला घेऊन तू हुपरीच्या मोटारीत चढलीस, त्या दिवशी तू मला वैरीण वाटली होतीस, आक्का.

आणि सुमी शाळेत जायला लागल्यावर तुला खरोखरच दिवस गेले! आई आनंदानं वेडी झाली. दवाखान्यात नाव घालूया म्हणाली. पण तुझ्या सासूबाईंचं ठरलेलं होतं. पहिलं माहेरी झालं, दुसरं सासरीच, आणि दुसऱ्याला दवाखाना कशाला? मी मुद्दाम हुपरीला आले, तुझ्यापुढे हात जोडले. तू आवाज बारीक केलास.

"काय सांगू त्यास्नी? ही माझी पहिलीच खेप हाय म्हणून? मग सुमी कुणाची म्हणतील. मी दुसरीच सांगतो. तू गप बस."

मी गप्प बसले.

तुझं बाळंतपण करणारी सुईण तुझ्या बाराव्याला आली होती. रडत होती बिचारी. दुसरी खेप म्हणून निवांत राहिले, म्हणत होती. या वयाची पहिलटकरीण आहे हे कळलं असतं तर कळा सुरू होताच कोल्हापूरला धाडली असती. दाजी पैंजणांचा माल घेऊन बेळगावला गेलेले. मोटार मिळेपर्यंत तूही संपलीस आणि तुझं बाळही. बायका एकमेकींना विचारत होत्या, दुसऱ्या वेळेला असं कसं झालं? मी त्यांच्यात बसून ऐकत होते.

एकीच्या तरी कानात सांगायचं होतंस गं! त्या सुईणीच्या तरी! सासरच्यांनी सुमीला घराबाहेर काढलं असतं तर मी घेऊन आले असते. मी शिवणकाम करते, दोघींचं भागलं असतं. माझी अब्रू एवढी मोठी होती का, की तू तिच्यासाठी जीव द्यावास? मला ती नको होती. मला तू हवी होतीस.

त्या दिवसांत सुमी माझ्या मांडीवर येऊन बसली. म्हणाली, "मावशी, माझ्या वेळंला पण आईला असंच दुखलं हुतं?"

मी म्हटलं, "नाही बाळ. तुझ्या वेळी तिला काहीच त्रास झाला नाही."

ते खरंच होतं.

आता सांग, काय करू? नाही म्हटलं तर कुणीतरी परकी येईल आणि सुमी तिच्या हाताखाली वाढेल. हो म्हटलं तर मी माझ्याच पोरीची सावत्र आई. तुझ्या चुलीपुढे बसायचं, तुझ्या नवऱ्याला वाढायचं, आणि जन्मभर तोंड शिवून ठेवायचं. मला यात कुठेच उजेड दिसत नाही, आक्का. तरी मी हो म्हणणार आहे. पोरगी तिथं आहे.

तुला एक शब्द देते. लेकरूच ते, कधीतरी मला आई म्हणायला लागेल. त्या दिवशी मी तिला जवळ घेईन आणि सांगेन, मावशीच म्हण. तुझी आई गेली.

तुझी धाकटी,
इंदू