वंदनाचा हिरवा दिवा

अकोला, १२ मे, सांजचे साडेसात

आजही गल्लीच्या डीपीचा फ्यूज उडाला. मी पडली लाइनवर काम करणारी, म्हणून सारी गल्ली माझ्याच दारात. "ताई, वंदनाच्या चार्जिंगच्या कारनंच होऊन राहिलं न हे?"

वंदना म्हणजे आयटीआयत माझ्याच बाकावरची. मी खांबावर चढत राहिली, कार तिनं घेतली. काहून तिनंच? तिच्या चार्जरचा हिरवा दिवा माझ्या ओट्यावरून दिसते.

फ्यूज बसवला, टांगटेस्टर, म्हणजे तारेले चिमट्यावानी लावाचं मीटर, लावून लोड पाहिला. मग वंदनाले चार्जर बंद कराले लावला. आकडा जराकसाच उतरला. बाकी सारा लोड गल्लीतल्या कूलर-एसीचा, त्यात माझेही दोन कूलर. घरोघरी अशा गाड्या आल्या तर डीपी झेलणार नाही, हे खरं. पण ही तर एकच आहे.

तेच सांगाले तोंड उघडलं, तर तो हिरवा दिवा विझलेला दिसला. इतकं बरं वाटलं मले, की आकडा कोणालेच सांगितला नाही.

वंदनाच म्हणाली, "मी पहाटेच लावत जाईन गाडी. तुह्या मीटरवर भरोसा आहे माहा."

आता तिचा दिवा बंद आहे, माझे दोन्ही कूलर सुरू आहेत. तरी अंगाची लाही होऊनच राहिली.