चांदणीला दिलेली हाक

मंगळवार, दिवेलागण

आज मी चांदणीला फसवलं का? कुरणाला सौर झटका मशीनची तार ओढून झाल्यावर माझा थोरला, बसू, म्हणाला, "अप्पा, घोडीला एकदा झटका बसू दे की. मग रस्त्यावर जात न्हाय. तुमी पलीकडनं बोलवा, तुमचं लई ऐकती."

ऐकलं मी. तारेपलीकडे गूळ धरून शाळेतली ती जुनी कविता म्हणू लागलो. शिंगरू होती तेव्हापासून त्या चालीवरच ती माझ्याकडे येते. आली. नाक तारेला लागलं आणि उधळली. गूळ हातातच राहिला.

"शिकली बघा!" बसू म्हणाला. काय शिकली?

संध्याकाळी फाटकातून आत गेलो, हळू आवाजात तीच कविता म्हटली. चांदणी माझ्याकडे बघत मागे सरकत राहिली, पार तारेपर्यंत. मी कडवं अर्धवट सोडलं आणि बाहेर आलो.