शनिवारी न चालणाऱ्या खेळाच्या फेरपाहणीबाबत

दिनांक : ९ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. वर्गीकरण अधिकारी,
खेळ व करमणूक साहित्य वर्गीकरण कक्ष,
दुसरा मजला, पनवेल.

विषय : 'पेटीत काय घ्यायचं' ही व्हिज्युअल नॉव्हेल खेळ आहे की नाही, हे शनिवार सोडून अन्य कोणत्याही वारी पाहून ठरवणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. २२ सप्टेंबर २०२५
२) खेळ कक्षाचा पाहणी अहवाल, दि. ८ नोव्हेंबर २०२५ (शनिवार)
३) पुस्तक कक्षाचा पाहणी अहवाल, दि. १७ नोव्हेंबर २०२५ (सोमवार)
४) आपली अंतिम नोटीस, दि. ५ डिसेंबर २०२५

महोदय,

१. मी जेकब इसाजी नेरेकर, वय ६३, राहणार जुने पनवेल. एका कार्यालयाच्या आवक-जावक विभागात एकतीस वर्षे काढून निवृत्त झालो. कागद कुठे आणि का अडतो हे मला कळते, असा माझा समज होता. तो आपल्या कक्षाने दूर केला, याबद्दल आधी आभार मानतो. सध्या मी गव्हाणचे श्री. प्रणित घरत यांच्या भागीदारीत गाळा क्र. १४ मध्ये खेळांचे दुकान चालवतो. कॅरम, बुद्धिबळ, पत्ते, सापशिडी आणि संगणकावरचे खेळ असा माल असतो. गाळा 'फक्त खेळ' या अटीवर मिळालेला आहे. खेळ नसलेली वस्तू खेळ म्हणून विकल्याचे आढळल्यास अट क्र. ९ नुसार गाळा परत घेतला जातो.

२. वादातली वस्तू आमच्या घरी तयार झाली. पडद्यावर चित्र येते, खाली वाक्ये येतात, पात्रे बोलतात. मध्येच कथा थांबते आणि समोरच्याला दोन-तीन पर्याय विचारते. तो जे निवडेल तशी कथा पुढे जाते. पनवेलमधले एक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब कायमचे देश सोडून निघाले आहे. पेट्या दोनच आहेत. थोरल्या मुलीने, तालीने, ठरवायचे की पेटीत काय घ्यायचे, काय ठेवायचे, शेजारच्या गंगाबाईंना सांगून निघायचे की न सांगता. शेवट सहा आहेत. एका शेवटात कुटुंब जातच नाही. प्रोग्राम माझी मुलगी सारा हिने लिहिला, चित्रे प्रणितने काढली. तालीच्या आईचा आवाज माझी पत्नी लियोरा हिचा आहे. ती बत्तीस वर्षे बालवाडीत शिकवत होती. आजारपणात तिने स्वयंपाकघरात, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीला गाद्या लावून, चार महिने बसून तो आवाज दिला. गेल्या मार्चमध्ये ती वारली.

३. आपल्या नमुना अर्जात 'खेळाडू काय करतो?' असा रकाना आहे. त्यात मी 'वाचतो, ऐकतो आणि ठरवतो' असे लिहिले. 'हार-जीत कशी ठरते?' या रकान्यात 'घर राहते किंवा सुटते' असे लिहिले. 'सोंगट्यांची संख्या' या रकान्यात काय लिहावे हे न सुचल्याने 'माणसे पाच, पेट्या दोन' असे लिहिले. यावरून माझा अर्ज टिंगलीचा असल्याचा शेरा पडला. महोदय, मी तो अर्ज चार वेळा कच्चा लिहून मग पक्का केला होता.

४. आता एक गोष्ट मी स्वतःहून कबूल करतो, कारण सगळा घोळ तिथून सुरू झाला. आम्ही शब्बाथ पाळतो. शुक्रवारी सूर्य मावळताना घरात दिवा लागला की शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत काम बंद. लियोराने उभ्या आयुष्यात शनिवारी काम केलेले नाही. बालवाडीचे स्नेहसंमेलन एकदा शनिवारी आले, तेव्हा तिने बिनपगारी रजा घेतली होती. ती गेल्यावर मी साराला सांगितले की आता तरी तुझ्या आईला शनिवारी कामाला लावू नकोस. साराने तशी सोय केली. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या ताऱ्यांपर्यंत खेळ चालत नाही. पडद्यावर फक्त तेवता दिवा दिसतो. कोणी कळ दाबलीच तर, साराने आईच्या जुन्या ध्वनिमुद्रणातून निवडलेल्या वाक्यांत, लियोरा घरी आलेल्या माणसाशी बोलावे तेवढेच बोलते : "आज नाही रे बाबा, आज शब्बाथ आहे." "बस जरा." "पाणी घेतोस का?" आणि शेवटी, "उद्या ये हं." हा हट्ट माझा होता. त्यात सारा किंवा प्रणित यांचा दोष नाही.

५. आपल्या कार्यालयाच्या वेळापत्रकानुसार खेळांची पाहणी फक्त शनिवारी होते आणि पुस्तकांची फक्त सोमवारी. हे मला माहीत नव्हते. दि. ८ नोव्हेंबरला पाहणी अधिकारी श्री. दयाराम दुकानात आले. शनिवारी मी दुकानात नसतो, प्रणित असतो. त्याने साहेबांना सांगून पाहिले. त्याचेच शब्द देतो : "साहेब, आज ह्यो चालाचा नाय. काकूंचा शब्बाथ हाय. तुमी परवा या, मी सगला दाखवतो." साहेब म्हणाले की त्यांना शनिवारच नेमून दिलेला आहे. त्यांनी चाळीस वेळा कळ दाबली. अहवालाचा निष्कर्ष असा : 'कोणतीही कळ दाबली असता चित्रात फरक पडत नाही. समोरच्या व्यक्तीच्या कृतीला वस्तू प्रतिसाद देत नाही. सबब हा खेळ नसून आवाज असलेले दिव्याचे चित्र आहे.'

६. मग मी विचार केला की खेळ नाही तर नाही, पुस्तक तरी म्हणा, पुस्तकांच्या दुकानात ठेवायला देईन. म्हणून पुस्तक कक्षाकडे गेलो. तिथले अधिकारी श्री. उदयसिंह सोमवारी, दि. १७ नोव्हेंबरला आले. वस्तू व्यवस्थित चालली. ते साडेतीन तास बसले. डबा उघडला नाही. पहिल्या वेळी त्यांनी गंगाबाईंना न सांगता कुटुंबाला बाहेर काढले आणि तो शेवट पाहून चष्मा पुसत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या वेळी सांगून काढले. त्यांच्या अहवालात असे नमूद आहे : 'समोरच्याने निवड केल्याखेरीज कथा पुढे सरकत नाही व निवडीनुसार बदलते. सबब हे पुस्तक नसून खेळ आहे.'

७. मला आनंद झाला. तो एक दिवस टिकला. हा अहवाल खेळ कक्षात दाखल करायला गेलो, तर एका कक्षाचा अहवाल दुसऱ्या कक्षात ग्राह्य धरता येत नाही असे कळले. दोन्ही कक्षांच्या मध्ये एक कपाट आहे, महोदय, भिंतसुद्धा नाही. फेरपाहणी मागितली, तर ती शनिवारीच होईल असे लेखी उत्तर आले. शनिवारी तारे दिसल्यावर, साडेसहाच्या सुमारास यावे अशी विनंती केली, तर पाहणीची वेळ पाचपर्यंतच असल्याचे समजले. म्हणजे माझी वस्तू सोमवारी खेळ आहे आणि शनिवारी चित्र आहे, आणि खेळाला सोमवारी कोणी विचारत नाही.

८. आता आपली अंतिम नोटीस. तीत दोन पर्याय दिलेले असून एकापुढे बरोबरची खूण करून सही करायची आहे.
(अ) शनिवारची अडवणूक काढून टाकून वस्तू नव्याने सादर करणे.
(ब) वस्तू खेळ नसल्याचे कबूल करणे.
(ब) वर सही केली, तर आजवर विकलेल्या त्रेचाळीस प्रती मी खेळ नसताना खेळ म्हणून विकल्या असे होते आणि अट क्र. ९ नुसार गाळा जातो. काहीच निवडले नाही, तर दि. २० डिसेंबरला किल्ली जमा करायची आहे. त्या दिवशीही शनिवार आहे. त्या दिवशी मी सही करत नाही आणि किल्लीही देत नाही. ती न दिल्याबद्दल वेगळी कारवाई होईल, हे नोटिशीच्या मागच्या बाजूला छापलेले आहे.

९. राहता राहिला (अ). सारा म्हणाली, "पप्पा, पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही सांगा, मी करते. पण सांगायचं तुम्ही." गेल्या रविवारी तिने सगळे उघडून माझ्यासमोर ठेवले. एक ओळ पुसायची होती. मी उठून चहा करायला गेलो. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षे झाली होती. त्या काळात मी लियोराच्या पुष्कळ गोष्टी ऐकल्या नाहीत. तिला दम लागत असताना डॉक्टरांकडे आज नको, सोमवारी जाऊ, असे मीच एकदा म्हणालो होतो. आता ती काही म्हणू शकत नाही, अशा वेळी तिचा शनिवार काढून घेणे मला जमत नाही. हे कारण नियमात बसत नाही याची मला कल्पना आहे. मी स्वतः अशी कारणे लिहिलेले अर्ज एकतीस वर्षे 'दप्तरी दाखल' असा शिक्का मारून कपाटात ठेवले आहेत. त्या अर्जदारांची मला हल्ली रोज आठवण येते.

१०. श्री. दयाराम यांच्या व्याख्येनुसार, काहीही दाबले तरी फरक पडत नाही तो खेळ नव्हे. त्याच व्याख्येने मी आपली नोटीस तपासून पाहिली. (अ) मला दाबता येत नाही; (ब) दाबले किंवा काहीच दाबले नाही, तरी गाळा जातो आणि चित्र तेच राहते. याहून जास्त त्याविषयी लिहीत नाही.

११. मात्र एका बाबीकडे आपले लक्ष वेधतो. आपल्या कक्षाच्या शिस्तीप्रमाणे पाहणी अधिकाऱ्याला स्वतःची प्रत्येक हालचाल वेळेसह नोंदवावी लागते. श्री. दयाराम हे प्रामाणिक गृहस्थ आहेत. त्यांनी काहीही गाळलेले नाही. अहवालाच्या पान तीनवरील नोंदी जशाच्या तशा देतो :

'१२.१० : कळ दाबली. चित्र तेच.
१२.११ : कळ दाबली. चित्र तेच. आतील बाईने बसण्यास सांगितले.
१२.१२ : पाहणी अधिकारी बसले.
१२.१५ : कळ दाबली. बाईने पाणी हवे का, असे विचारले. पाहणी अधिकाऱ्याने दुकानदाराकडून पाणी घेतले.
१२.२० ते १.०५ : पाहणी अधिकारी बसून होते.'

महोदय, तिने बस म्हटले आणि ते बसले. तिने पाणी विचारले आणि ते प्यायले. पंचेचाळीस मिनिटे त्यांनी कळ दाबल्याची नोंद नाही, तरी ते उठले नाहीत. बालवाडीतली मुलेही तिच्यासमोर अशीच बसत. समोरच्याशी देवाणघेवाण होते की नाही, एवढेच ठरवायचे होते ना? ती झाल्याचे आपल्याच अधिकाऱ्यांच्या सहीने नोंदलेले आहे.

१२. एक नोंद तेवढी अहवालात नाही, कारण तोवर त्यांनी वही मिटली होती. ती प्रणितने मला सांगितली आणि सोबत लिहून दिली आहे : "जाताना साहेबांनी परत कल दाबली. काकू बोलल्या, उद्या ये हं. साहेब उभं राहिलं न 'येतो बाई' बोललं. मी खोटा बोलत नाय, माज्या कानांनी आयकला." दुसऱ्या दिवशी रविवार असल्याने ते येऊ शकले नाहीत, हे मी समजू शकतो. आमच्या घरात 'उद्या ये'चा अर्थ शनिवार सोडून केव्हाही ये, असा होतो.

तरी विनंती की, श्री. दयाराम यांना दि. २० डिसेंबरपूर्वी शनिवार सोडून एका वारी गाळा क्र. १४ येथे येण्याची लेखी परवानगी द्यावी. मला सवलत म्हणून नको. त्यांनी माझ्या पत्नीला येतो म्हणून शब्द दिला आहे, तेवढा त्यांना पाळू द्यावा. खुर्ची आणि पाणी तयार आहे.

आपला नम्र,
आणि शनिवार सोडून केव्हाही हजर असणारा,

(सही)
जेकब इसाजी नेरेकर
गाळा क्र. १४, पनवेल

सोबत :
१. दोन्ही पाहणी अहवालांच्या प्रती (एक वस्तू खेळ नसल्याचा, एक असल्याचा).
२. श्री. प्रणित घरत यांचे निवेदन, त्यांच्या अक्षरात.
३. अंतिम नोटीस, दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवून परत.
४. 'पेटीत काय घ्यायचं', एक प्रत, आपल्या स्वतःच्या पाहणीसाठी. कृपया शनिवारी लावू नये. लावल्यास बसावे लागेल.